आधी खणून बघा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. हा रानातला महादेव. मराठी माणसाला या देवाशी नातं सांगायला एक शिलालेख पुरतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे जुन्या लेखांतले एकोजी, यांनी १६६९ साली मल्लपूरच्या या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद त्यात आहे. देवाचं उत्पन्न कुठून येतं, दान कुणी दिलं आणि काय दिलं, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं उघड्यावर ठेवलं होतं. एवढी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

रस्ता ओलांडला की समोर नंदीतीर्थ लागतं. पायऱ्या उतरून खाली गेलं की दगडी खांबांची ओवरी, मधोमध पायऱ्यांची कल्याणी, म्हणजे आपली पुष्करणी, आणि वर दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी. त्याच्या तोंडातून पाण्याची बारीक धार पिंडीवर पडत असते. १९९७ पर्यंत यातलं काहीच दिसत नव्हतं. वर सपाट जमीन होती, इतर कुठल्याही मोकळ्या प्लॉटसारखी. स्थानिक लोक सांगतात ती हकिकत अशी की, एका राजकारण्याने हा प्लॉट विकायला काढला आणि आळीतल्या माणसांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आधी खणून तर बघा, मग विका. खणलं आणि अख्खं देऊळ निघालं.

त्या लोकांनी विकणाऱ्याला चोर म्हटलं असतं तर भांडण झालं असतं आणि प्लॉट विकला गेला असता. ते एका पायरीवर अडून बसले: व्यवहाराच्या आधी खाली काय आहे ते सगळ्यांना दिसू द्या. झाडं, तळी, नाले, टेकड्या यांच्या नावावर चालणाऱ्या भ्रष्टाचाराशी सामान्य नागरिकाला लढायचं असेल, तर त्याच्या हातात मुख्य अवजार हेच आहे. या प्रकरणात ते कसं चालवायचं ते पाहू.

तक्रारदारच नसलेला गुन्हा

साध्या लाचखोरीत एक माणूस नाडलेला असतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठी पैसे मागतो, माणूस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची भुकटी लावून सापळा रचला जातो, आणि सोड्याच्या पाण्यात बोटं बुडवली की पाणी गुलाबी होतं. रंगेहाथ पकडणं म्हणतात ते हे.

पर्यावरणातल्या भ्रष्टाचाराला हा सापळा लागू पडत नाही, कारण तुमच्याकडे कुणी लाच मागायला येतच नाही. देणारा खूश, घेणारा खूश. नुकसान होतं ते तळ्याचं, आणि तळं तक्रार अर्ज करत नाही. शिवाय पुरावा फार दिवस टिकत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आरेच्या झाडांबाबतच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं गेली होती. तिथे हातात न्यायालयाचा निकाल होता, लाचेचा प्रश्न नव्हता. पण झाड आणि बुंधा यांच्यात अंतर किती थोडं असतं, ते त्या रात्री दिसलं. बुंध्यासमोर उभं राहून हळहळण्यापलीकडे मग काही उरत नाही.

बोटं गुलाबी होत नाहीत तिथे कागदच पाहावा लागतो. इथला गैरव्यवहार बहुतेक वेळा कायद्याचे कपडे घालूनच येतो. त्याच्या चार चाली ओळखून ठेवाव्यात.

पहिली चाल नाव बदलण्याची. नोंदीत तळं ‘पडीक’ होतं, नाला ‘रस्ता’ होतो. दुसरी तुकडे करण्याची. कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात पन्नासपेक्षा जास्त झाडं तोडायची असतील तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. पर्यावरणीय परवानगीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत बांधकामासाठी २०,००० चौरस मीटरची रेषा आहे. जिथे आकड्याची रेषा असते, तिथे तिच्या जरा अलीकडे थांबणारे आणि मोठं काम लहान लहान अर्जांत वाटून देणारे असणारच. तिसरी चाल पगाराची: प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणारा सल्लागार प्रकल्पवाल्याच्याच पैशाने काम करतो. मुलीच्या बापाने नेमलेला मध्यस्थ मुलीत खोड कशी सांगेल? चौथी चाल सगळ्यांत स्वस्त, न बघण्याची. जागेवर न जाता खुर्चीत बसून लिहिलेला पाहणी अहवाल.

चारही चाली कागदावरच खेळल्या जातात. त्यामुळे कागद हाती आला की चाल दिसते.

तळं कागदावर मरतं

बेंगळुरू हे तळ्यांनी जगलेलं शहर. मोठी नदी नाही, म्हणून पूर्वजांनी चढउतार पाहून एकाखाली एक तळी बांधली. वरचं भरलं की सांडवा राजकालुव्यात, म्हणजे मोठ्या पाटात, आणि पाट खालच्या तळ्यात. मल्लेश्वरम आणि सदाशिवनगर यांच्यामधला सँकी तलाव १८८२ साली रिचर्ड सँकी या लष्करी अभियंत्याने बांधला. क्षेत्र सदतीस एकर. जवळच सरकारी चंदनाचं कोठार होतं, म्हणून त्याचं कन्नड नाव गंधदकोटी केरे.

सगळ्या तळ्यांचं नशीब असं नव्हतं. धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम उभं आहे. ही कामं सरकारनेच दिवसाढवळ्या केली. पुढे सरकारचा कित्ता खासगी माणसांनी गिरवला. ए. टी. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या विधिमंडळ समितीने २००७ च्या सुमारास बेंगळुरू शहर जिल्ह्यात २७ हजारांहून अधिक एकर सरकारी जमिनीवर अतिक्रमण असल्याचं नोंदवलं. त्यानंतर के. बी. कोळीवाड समितीने शहर आणि ग्रामीण मिळून दीड हजारांवर तळी तपासली. जवळपास ५८ हजार एकर तळ्यांच्या जमिनीतली साडेदहा हजारांहून अधिक एकर गिळली गेली होती.

एवढी जमीन रातोरात कुणी उचलून नेत नाही. प्रत्येक एकरामागे एक मोजणी, एक नकाशा, एक फेरफार आणि एक सही असते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शहराच्या पूर्वेकडची आयटी वसाहत पाण्यात बुडाली आणि माणसं ट्रॅक्टरमधून ऑफिसला गेली, तेव्हा महापालिकेला राजकालुव्यांवरची बांधकामं आठवली आणि जेसीबी निघाले. पण त्यांतली कित्येक बांधकामं मंजूर नकाशांवरची होती. पाण्याला मंजूर नकाशा वाचता येत नाही. ते जुन्या गावनकाशाप्रमाणे वाहतं.

सामान्य नागरिकासाठी यातली पहिली कृती अगदी साधी आहे. तुमच्या भागाचा जुना गावनकाशा आणि तळ्याचा सर्व्हे नंबर मिळवा, आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहा. महाराष्ट्रात भूमी अभिलेख कार्यालय, कर्नाटकात सर्व्हे खातं. सातबाऱ्याला तिकडे ‘पहणी’ म्हणतात. दोन नकाशांत फरक दिसला की तुमच्या हाती आरोप येत नाही, प्रश्न येतो. सुरुवातीला प्रश्न जास्त उपयोगी.

दीडशे शब्दांत एक झाड

मल्लेश्वरमच्या दोन मुख्य रस्त्यांना झाडांची नावं आहेत. एक संपिगे रस्ता, म्हणजे चाफ्याचा. दुसरा मार्गोसा, म्हणजे कडुनिंबाचा. समजा, अशाच एखाद्या रस्त्यावरच्या झाडाच्या बुंध्यावर एके दिवशी रंगाने आकडा लिहिलेला दिसला. शेजारी तारेने अडकवलेला कागद, पावसाने अर्धा विरघळलेला. आता काय?

बहुतेक जण माहिती अधिकाराचा अर्ज रागाच्या भरात लिहितात: ‘आमच्या भागात बेकायदा वृक्षतोड का होत आहे आणि दोषी अधिकाऱ्यांवर काय कारवाई करणार?’ या अर्जाला उत्तर येतं: ‘प्रश्न माहिती या व्याख्येत बसत नाही.’ आणि ते उत्तर कायद्याला धरून असतं. कायदा दफ्तरात जे आहे ते द्यायला सांगतो. ‘का’ला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही.

हाच अर्ज नीट लिहिला तर असा होतो: अमुक रस्त्यावरच्या अमुक ते अमुक क्रमांकाच्या झाडांबाबत, एक, तोडीसाठी आलेल्या अर्जाची प्रत. दोन, वृक्ष अधिकाऱ्याच्या जागेवरील पाहणीचा अहवाल, तारखेसह. तीन, परवानगीचा आदेश. चार, बदली झाडं कुठे लावली त्या जागांची यादी. पाच, या संपूर्ण फाइलची प्रत्यक्ष पाहणी करण्याची मुभा.

पाचवी ओळ विसरू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये फाइल बघण्याचा, कामाची पाहणी करण्याचा, इतकंच काय, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क आहे. प्रतींमध्ये जे येत नाही ते फाइल चाळताना दिसतं: समासातला शेरा, बदललेला पृष्ठक्रमांक, पाहणीच्या आधीच्या तारखेची परवानगी. तिसऱ्या ओळीची तारीख दुसऱ्या ओळीच्या आधीची निघाली, तर तुमचं अर्धं काम झालं.

फी दहा रुपये. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. अनेकांना ही मर्यादा जाचक वाटते, पण तिच्यामुळे अर्जाला धार येते. विषय दोन असतील तर अर्ज दोन करावेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे तीस दिवसांत पहिलं अपील, तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. उशिरासाठी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड कायद्यात आहे. प्रत्यक्षात आयोगापुढे तारीख लागायला खूप वेळ जातो, तोवर झाडाचं फर्निचर झालेलं असतं. म्हणून अर्जाबरोबरच वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. अर्ज कागदासाठी असतो, हरकत झाडासाठी.

या कागदांतून काय बाहेर येऊ शकतं, हे मुंबईकरांना सांगायला नको. कुलाब्याची एकतीस मजली ‘आदर्श’ इमारत किनारा नियमन क्षेत्रात पुरेशा परवानगीविना उभी होती आणि तिच्या सभासदांत कोणाकोणाचे नातेवाईक होते, हे उजेडात आणण्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा मोठा हात होता. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली.

सँकी रस्ता: एकदा हार, एकदा जीत

सँकी तलावाच्या काठच्या रस्त्यावर बारा वर्षांच्या अंतराने दोन लढे झाले. दोन्ही शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

२०११ मध्ये रुंदीकरणासाठी झाडं तोडायची ठरली. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते झाडांना बिलगून उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पण पोलीस बंदोबस्तात झाडं पडलीच. विरोध करणाऱ्यांना पोलिसांनी उचलून नेलं.

रस्ता रुंद झाला. वाहतूक काही वर्षांत पुन्हा तुंबली. मग त्याच टप्प्यात, भाष्यम सर्कल ते मल्लेश्वरमचा अठरावा क्रॉस, साठेक कोटींच्या उड्डाणपुलाची योजना आली. पुन्हा पन्नासएक झाडांवर गदा. या वेळी रहिवाशांनी ‘सिटिझन्स फॉर सँकी’ या नावाने एकत्र येऊन आधी कागद मागितले: प्रकल्प अहवाल कुठे आहे, वाहतुकीचा अभ्यास कोणी केला, तळ्याच्या बंधाऱ्यावर काय परिणाम होईल? तलावाच्या एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला भारतीय विज्ञान संस्था. अभ्यास करू शकणारी माणसं चालत जाण्याच्या अंतरावर होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका रविवारी शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे मूक मोर्चाने रस्त्यावरून चालले. पोलिसांनी सत्तरएक जणांवर गुन्हा नोंदवला. कारण बेंगळुरूत २०२१ च्या आदेशानुसार आंदोलन फक्त फ्रीडम पार्कमध्ये करायचं. हे फ्रीडम पार्क म्हणजे शहराचा जुना तुरुंग! मुलांना घेऊन पायी फिरणाऱ्या लोकांवर गुन्हा, ही बातमी प्रकल्पापेक्षा मोठी झाली. त्यानंतर पूल पुढे रेटला गेला नाही.

दोन लढ्यांमध्ये काय फरक होता? २०११ मध्ये लोक करवतीपुढे उभे राहिले. २०२३ मध्ये ते निविदेपुढे उभे राहिले. झाड वाचवायचं तर ते यादीत येतं तेव्हा वाचवावं लागतं, करवत आल्यावर नाही. शिवाय मधल्या काळात, २०१६ च्या १६ ऑक्टोबरला, शहराने स्टील फ्लायओव्हरविरुद्ध मानवी साखळी करून पाहिली होती. बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ, ६.७ किलोमीटर, खर्च १,७९१ कोटी, तोडायची झाडं ८१२. ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’ अशी घोषणा होती. बेडा म्हणजे नको. हरित न्यायाधिकरणाने त्याच महिन्यात स्थगिती दिली आणि २ मार्च २०१७ रोजी सरकारने प्रकल्प गुंडाळला. त्या पुलावर भ्रष्टाचाराचे आरोपही झाले. ते सिद्ध करण्याचं ओझं मात्र नागरिकांनी डोक्यावर घेतलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की एवढ्या मोठ्या कामाआधी लोकांना विचारलं का, पर्याय तपासले का. आणि पूल थांबला.

आणखी एक गोष्ट. बेंगळुरू महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झालीच नाही. सँकीच्या पुलाची योजना पुढे सरकत होती तेव्हा जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. २०२५ मध्ये तर जुनी महापालिका जाऊन पाच नव्या महापालिका आल्या. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही अवस्था परकी नाही, २०२२ पासून तिथेही प्रशासक राज्य होतं. निवडून आलेला माणूस नसतो तेव्हा फाइल वेगाने फिरते, आणि म्हणूनच तेव्हा जास्त डोळे लागतात.

कुठलं दार ठोठावायचं

चांगल्या तक्रारी चुकीच्या दारात मरतात. हा भाग जरा रुक्ष आहे, पण नेमका इथेच उत्साही लोकांचा घात होतो.

पाणी, हवा, जंगल, जैवविविधता, पर्यावरण संरक्षण अशा केंद्रीय कायद्यांचा भंग असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. कर्नाटकासाठी चेन्नई खंडपीठ, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये, वकील सक्तीचा नाही. पण घड्याळ कडक आहे: वाद उपस्थित झाल्यापासून सहा महिने, आणि परवानगीलाच आव्हान द्यायचं तर आदेशापासून तीस दिवस. सबळ कारण असेल तर दोन्हींत साठ दिवसांची सवलत. त्यामुळे परवानग्यांच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा नजर टाकणारा माणूस गटात हवाच.

रस्त्यावरचं झाड मात्र राज्याच्या वृक्ष कायद्याखाली येतं, आणि तो कायदा न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत नाही. त्यासाठी उच्च न्यायालय. बेंगळुरूत दत्तात्रय देवरे आणि बेंगळुरू एन्व्हायर्न्मेंट ट्रस्ट यांनी २०१८ मध्ये अशीच याचिका केली. १९७६ च्या कायद्यातच झाडांची गणना करायला सांगितली होती. चार दशकं ती झाली नव्हती. न्यायालयाने गणनेचा आणि तज्ज्ञ समितीचा आग्रह धरला. नवा कायदा मागण्याआधी जुना कायदा शेवटपर्यंत वाचावा, हा त्या याचिकेचा धडा.

अधिकाऱ्याने पैसे घेतले, पदाचा गैरवापर केला, असं दाखवणारं काही हाती असेल तर कर्नाटकात लोकायुक्त, प्रतिज्ञापत्रासह. २०१६ मध्ये लोकायुक्तांचे भ्रष्टाचार तपासाचे अधिकार काढून वेगळ्या ब्यूरोकडे दिले गेले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो ब्यूरोच रद्द केला आणि अधिकार परत लोकायुक्त पोलिसांकडे आले. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दूरध्वनी १०६४.

जीत कशावर उभी आहे, हेही तपासून घ्यावं. मे २०१६ मध्ये ‘फॉरवर्ड फाउंडेशन’च्या प्रकरणात न्यायाधिकरणाने बेंगळुरूच्या तळ्यांभोवती ७५ मीटर पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. सगळ्यांनी पेढे वाटले. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. शहराच्या विकास आराखड्यात ३० मीटर लिहिलं होतं आणि आराखडा बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, असा निवाडा झाला. मुळात आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा, कंटाळवाण्या नकाशांच्या त्या महिन्यात, किती जण जातात?

काट्यावरचा चोर

मोठी चोरीही अखेर आकड्यांतच सापडते. बळ्ळारीच्या खाणींवर बोलायला भलेभले घाबरत होते तेव्हा धारवाडच्या ‘समाज परिवर्तन समुदाय’ या संस्थेने, एस. आर. हिरेमठ यांच्या पुढाकाराने, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. इकडे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे आणि वनाधिकारी यू. व्ही. सिंग यांचं पथक परवान्यांचे, ट्रकांचे, बंदरांचे आकडे जुळवत होतं. परवाना इतक्या टनांचा, मग जहाजात तितके टन कसे गेले? मधल्या काळात, २०१० मध्ये, बेलेकेरी बंदरात जप्त करून ठेवलेलं लाखो टन खनिजच नाहीसं झालं. २७ जुलै २०११ च्या अहवालात १६,०८५ कोटी रुपयांचा तोटा मांडला गेला. दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं आणि चौथ्या दिवशी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला. गोव्यात ‘गोवा फाउंडेशन’नेही अशाच चिकाटीने खाणपट्टे न्यायालयात नेले. २०१८ मध्ये तिथले ८८ पट्टे रद्द झाले.

आपल्या गल्लीत बळ्ळारी नसते, पण काटा असतो. बदली झाडं पाचशे लावल्याचं बिल निघालं, तर सुट्टीच्या दिवशी दहा जणांनी जाऊन मोजावीत. तळ्यातून गाळ काढल्याचं बिल असेल तर ट्रकच्या फेऱ्यांची नोंदवही मागावी. फेऱ्या गुणिले ट्रकची क्षमता, आणि शेजारी बिलातला आकडा. पाचवीच्या पोराला जमेल एवढं गणित आहे.

एकट्याने जाऊ नका

१३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी फिरायला बाहेर पडले आणि त्यांचा खून झाला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतचे जमीन व्यवहार ते माहिती अधिकारातून उघडे करत होते. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना वर्षानुवर्षं निघाली नाही.

म्हणून काही पथ्यं. अर्ज एकाच्या नावाने नको. पाच वेगवेगळ्या लोकांनी पाच तुकडे मागावेत. मिळालेला कागद त्याच दिवशी दहा जणांकडे पोचवावा, म्हणजे एकाला गप्प करून उपयोग होणार नाही. माणसाचं नाव घेऊन ‘खाल्ले’ म्हणू नये. ‘या दोन कागदांतल्या तारखा जुळत नाहीत’ म्हणावं. अब्रुनुकसानीचा दावा पहिल्या वाक्यावर होतो, दुसऱ्यावर सहसा होत नाही. आणि खात्यातला प्रामाणिक माणूस शोधावा. तो असतोच, बहुधा अडगळीच्या टेबलावर. त्याला पेचात न टाकता काय मागायचं ते विचारावं. फाइलचं नेमकं नाव कळलं तरी सहा महिने वाचतात.

एक पथ्य स्वतःसाठी. बेंगळुरूत २००९ च्या दुरुस्तीपासून ठराविक आकाराच्या घरांना पाऊसपाणी साठवणं सक्तीचं आहे. हजारो घरमालक यंत्रणा बसवण्याऐवजी पाण्याच्या बिलात दरमहा दंड भरतात. दुकानाची पाटी झाकते म्हणून फांदी छाटणाऱ्याच्या हातात शंभराची नोट ठेवणारा, गच्चीवर विनापरवाना मजला चढवणारा, हाही आपल्यातलाच. महापालिकेकडे फाइल मागायला निघालेल्या गटाने आधी स्वतःच्या सोसायटीची फाइल उघडावी. नाहीतर समोरचा ती उघडतो, आणि नेमकी सुनावणीच्या दिवशी उघडतो.

नंदीच्या तोंडातून पडणारं ते पाणी पुढे कुठे जातं, हे सांगायचं राहिलं. वृषभावती नदीचा एक उगम मल्लेश्वरमच्या याच परिसरात मानतात. वृषभ म्हणजे नंदीच. पिंडीवर पडतं तेव्हा निवळशंख असलेलं पाणी शहर ओलांडून म्हैसूर रस्त्याला लागेपर्यंत काळं, फेसाळ झालेलं असतं. तिथून बसने जाताना खिडकी लावून घ्यावी लागते. मधल्या प्रत्येक नळीला कुणाची तरी परवानगी आहे, नाहीतर कुणाचं तरी न बघणं आहे. पुढे ते अर्कावतीला आणि अर्कावतीतून कावेरीला मिळतं.

व्यंकोजींनी दानपत्र दगडावर उघड लिहून ठेवलं होतं. या नळ्यांची दानपत्रं फायलींत आहेत. दहा रुपये लागतात. शनिवारी चार शेजारी जमवा, एक गावनकाशा पसरा आणि पहिला अर्ज लिहा.